स्वच्छ हवा

पुढे जाऊन खुर्च्या मांडणं हे माझं काम.
उमेदवाराच्या दोन तास आधी मी गावात पोचतो,
माणसं कमी दिसली तर खुर्च्याही कमी मांडतो.
चौदा राज्यांत अशी गर्दी घडवली मी,
रिकामी जागा दुमडून ठेवून.

त्या दिवशी माझी गाडी बिघडली,
म्हणून मी त्यांच्याच बसमध्ये.
टॅमरॅक फॉल्स, विस्कॉन्सिन.
नदीकाठी कागदाची गिरणी,
एकोणनव्वद वर्षं चाललेली, दीड वर्षापूर्वी बंद.
चालू होती तेव्हा गावभर सडक्या अंड्यांचा वास,
परके लोक काचा वर करून जायचे
आणि गाव म्हणायचं, वास कसला, पगार आहे तो.

हे सगळं मी लिहून दिलं होतं.
पान चौथं, खालून दुसरी ओळ.
गव्हर्नर थ्रेलकेल्ड झोपले होते, बूट काढून,
एका मोज्याला भोक,
तोंड किंचित उघडं, लग्नघरात दमलेल्या काकासारखं.
तीन रात्रींची झोप थकलेली.
उठवायला मी हात पुढे केला.
मागे घेतला.

खुर्च्या गावानेच मांडल्या होत्या,
मी मांडल्या असत्या त्याच्या दुप्पट.
उतरल्या उतरल्या त्यांनी छाती भरून श्वास घेतला.
मनापासून. हे मी शपथेवर सांगेन.
आणि माइकवर पहिलं वाक्य:
"काय स्वच्छ हवा आहे हो तुमच्या गावची!"

कुणी हुर्यो उडवली नाही.
पुढच्या रांगेतल्या एका माणसाने फक्त
डोक्यावरची टोपी काढली,
दफनभूमीत काढतात तशी.

मग चुकीला पिल्लं झाली.
"मला हवामान म्हणायचं होतं," हे एक.
सल्लागाराच्या सांगण्यावरून
गिरणीकामगाराचं जुनं जाकीट घालून काढलेला फोटो;
खिशावर नाव शिवलेलं, डेल.
डेल कोण, पत्रकाराने विचारलं,
आणि त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.
माफी मागितली ती नवव्या दिवशी,
ओहायोतल्या एका हॉटेलात, कागदावरून वाचून,
गावाचं नाव चुकवून.
थेंबाने गेली ती हौदाने येत नाही म्हणतात.
आम्ही तर हौदही भलत्याच गावात नेऊन ओतला.

नोव्हेंबरात विस्कॉन्सिन गेलं.
किती मतांनी ते विचारू नका, आकडा पाठ आहे.
विश्लेषकांनी सगळ्या चुका क्रमाने मांडल्या,
माझ्या खुर्च्यांपेक्षा सरळ रांगेत.
त्यात चौथं पान नव्हतं.
मोज्याचं भोक नव्हतं.

मार्चमध्ये मी परत गेलो. कुणी पाठवलं नव्हतं.
गावच्या हॉलच्या आठ खुर्च्या
आमच्या ट्रकमध्ये चुकून राहिल्या होत्या.
लोर्ना कुबियाकने दार उघडलं,
सभेसाठी अकरा केक भाजणारी तीच.
तिने खुर्च्या मोजून घेतल्या. सात.

"खोटं नव्हता बोलला तो," ती म्हणाली.
"एकतीस वर्षं मी चादरी घरात वाळवल्या.
बाहेर टाकल्या की वास धरायच्या,
कडा पिवळ्या पडायच्या.
आता बाहेर टाकते."
मागच्या अंगणात दोरीवर चार चादरी,
गारठ्यात कडक झालेल्या,
कोऱ्या पुठ्ठ्यासारख्या.
"कर्ट तिकडे बघत नाही.
जेवायला बसताना पडदा ओढून घेतो."

कॉफी निवत होती.
मग तिने सहज विचारलं,
साखर हवी का विचारावं तसं,
"त्याला माहीत नव्हतं, की कुणी सांगितलंच नाही?"

मी आठवी खुर्ची शोधायला
ट्रककडे गेलो.