मोकळा गुरुवार

सोमवारी तळजाईवर रोपांना पाणी.
पाच-पाच लिटरचे कॅन; माझा गुडघा कुरकुरतो,
कुमुदिनीचा नाही.
मंगळवारी ती एका अंध मुलाला
अर्थशास्त्र वाचून दाखवते,
आणि घरी येऊन मला विचारते,
"अहो, चलनवाढ म्हणजे आपली पेन्शनच ना?"
बुधवारी सोसायटीची सभा, टँकरवरून भांडण,
शेवटी सगळ्यांना आल्याचा चहा.

गुरुवारी कुणीच बोलावलं नव्हतं.
अकराला गॅलरीत बसलो, स्वेटर घालून,
एकमेकांकडे आलेल्या पाहुण्यांसारखे.
मटार सोलले. वाटीत कमी, तोंडात जास्त.
"उद्या हुरड्याची बस कितीला?"
म्हटलं, "आज संपू दे की."

ती काही बोलली नाही.
ऊन सरकलं होतं,
तेवढी खुर्ची सरकवली,
मग माझीही.