अर्धा घसारा

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात
गांधीबागेतल्या माझ्या दुसऱ्या मजल्यावर
लोक आपापलं वर्ष घेऊन येतात
कॅरीबॅगेत, चपलांच्या खोक्यात,
एकदा तर कुकरच्या डब्यात.

निखाऱ्यांच्या सावजी मेसची बिलं
तेलानं इतकी पारदर्शक
की आकडा मागूनही वाचता येतो.
मोहबे सर यंदा रिटायर होणार,
विचारतात, जुनी पद्धत बरी की नवी.
दोन्ही मांडून दाखवते.
फरक निघतो तीनशे वीस रुपयांचा,
नवीच्या बाजूनं.
सर चष्मा पुसतात. म्हणतात,
"राहू द्या जुनीच. सवय आहे."
आणि एकोणतीस तारखेला कुणीतरी येतोच धापा टाकत,
"मॅडम, दीड लाख कुठंतरी बसवा न,"
पंगत सुरू झाल्यावर आलेल्या पाहुण्यासारखे.

विनायक हेडाऊ मात्र वीस तारखेलाच आला.
जागनाथ बुधवारीत कूलर बनवतो.
सरकारचं वर्ष संपतं
तेव्हा याचं सुरू होतं;
पत्रा, मोटारी, खसच्या ताट्या
मोजायच्या की विकायच्या, हेच कळत नाही.
"या साली नफा झाला," म्हणाला,
खोड्या केलेलं पोर कबूल होतं तसा.
"किती द्या लागते?"

म्हटलं, पत्रा वाकवायची मशीन घेणार होतास ना,
एकतीसच्या आत घे.
नुसती आणून भागत नाही,
वापरात आली पाहिजे.
एकशे ऐंशी दिवस भरत नाहीत, म्हणून घसारा अर्धा.
पण अर्धा तरी मिळेल.
"घसारा म्हणजे?"
झिजण्याबद्दलची सूट.
तो हसला.
"मशीनलेच भेटते का?"

रजिस्टर उघडलं. त्याच्या वडिलांच्या अक्षरात
पहिल्याच पानावर हातमशीन, सत्त्याऐंशी साल,
अठरा हजार.
दरवर्षी उरलेल्यातून थोडं कापायचं,
मग उरलेल्याच्या उरलेल्यातून.
अशा हिशेबात शून्य कधी येत नाही.
वडील जाऊन नऊ वर्षं झाली,
मशीन वहीत अजून आहे:
चार रुपये सत्तर पैसे.

एकतीसला रात्री नऊ वाजता फोन.
"टेम्पो हिंगण्याहून निघून रायला."
साडेदहाला: "प्रजापती चौकात अडकला."
मी स्कूटी काढली.
का, ते विचारू नका; फी काही वाढणार नव्हती.
पोचले तर मशीन गल्लीत उतरलेली,
चार पोरं, दोन बांबू, एक सल्ला देणारा शेजारी,
आणि वायर जोडून होताच
सगळ्या बुधवारीची लाइट गेली.

अंधारात आम्ही बसून राहिलो,
तो, मी, आणि कायदा.
कोपऱ्यात जुनी हातमशीन.
तिच्या दांड्याला मूठ धरून धरून
तळहाताएवढा खोलगट चकाकता भाग,
मोबाइलच्या उजेडात तेवढाच दिसत होता.
"भंगारवाला अडतीस रुपये किलो म्हणते,"
विनायक म्हणाला.
मी सवयीनं मनात वजनाला गुणलं
आणि मग लाज वाटली.

अकरा एक्केचाळीसला लाइट आली.
त्यानं पत्रा सरकवला, बटण दाबलं.
एक आवाज. काटकोन.
पोरांनी टाळ्या वाजवल्या.
मी तारखेसह फोटो काढला,
नवी मशीन वापरात.
"कूलरचा कोणता भाग हा?" विचारलं.
"कोनताच नाही," तो म्हणाला, "गडबडीत माप घ्याचं राहून गेलं."

तो वाकडा तुकडा माझ्या टेबलावर आहे,
त्यात आता पेनं ठेवते.
जुनी मशीन त्यानं विकली नाही.
मीही रजिस्टरात तिची ओळ खोडली नाही.
यंदाचे सत्तर पैसे कापले,
चार रुपये पुढे ओढले.