तोंड सुरतेकडे

विनिपेगहून वैजूचा फोन येतो तेव्हा
तिकडे संध्याकाळ असते
आणि इकडे सहा वाजता पोल्ट्रीतल्या कोंबड्या दाण्यासाठी ओरडत असतात.
मागे टीव्ही. चाक फिरतंय कसलंतरी,
टिकटिक टिकटिक, मग माणसांचा एकदम हाऽऽय.
"काय गं बघतेस?"
"सरकारी चॅनल. इथल्या सरकारचं.
पण खेळ शेजारच्या देशाचा रे.
मोटार त्यांची, डॉलर त्यांचे.
आपण नाव द्यायचं की नाही
ते खाली बारीक अक्षरात येतं,
चष्मा लावेपर्यंत जातं."

मी हसलो. तीही हसली.
दोघांना दादांचं दुकान आठवलं असणार.

नवापूरच्या गच्च्यांवरच्या निम्म्या काड्या दादांनी बसवलेल्या.
मुंबईकडे तोंड केलं की नुसत्या मुंग्या.
सुरतेकडे वळवलं की माणसं.
"सरकार एकच शे," ते गिऱ्हाइकाला सांगायचे,
"तोंड फक्त फिरावनं."
मग गिऱ्हाईक खाली, दादा वर,
"आलं का?"
"थोडं आलं."
"आता?"
"गेलं."

म्हणून आमच्या घरात गुरुवारी अहमदाबादचा प्रश्नमंच.
माय हिशेब अहिराणीत करायची,
पाहुण्यांसमोर आम्हाला मराठीत रागवायची,
आणि उत्तरं गुजरातीत द्यायची,
तिथल्या प्रोफेसरच्या आधी, भाकरी थापता थापता.
उभ्यानं झोपतो तो कोण?
घोडो, माय म्हणायची, आणि भाकरी उलटायची.
बक्षीस पाच लिटरचा कुकर.
मग पाटी: फक्त गुजरातना रहेवासीओ माटे.

आता आमचं स्टेशन तुम्हाला सांगायला हवं.
तिकीटखिडकी महाराष्ट्रात, मास्तर गुजरातमध्ये,
आणि मधलं एक बाकडं अर्धं इकडे, अर्धं तिकडे.
माय एका दुपारी पोस्टकार्ड घेऊन गेली
आणि पलीकडच्या अर्ध्यावर बसली.
चप्पलसुद्धा उचलून तिकडे ठेवली.
"आते मी आठली रहेवासी," म्हणाली,
आणि वैजूला पत्ता घालायला लावला:
देवकाबाई छबुलाल शिंपी,
बाकडं, नवापूर स्टेशन, गुजरातकडची बाजू.
पत्राची पेटी मात्र महाराष्ट्रात.
वैजूनं हात लांब करून टाकलं.

पाचव्या का सहाव्या गुरुवारी
चित्र हलायला लागलं, दादा गच्चीवर गेले.
आणि त्या निवेदिकेनं कार्ड उचललं, वाचलं:
देवकीबेन छबीलभाई, नवापुर.
आम्ही दोघं किंचाळलो, "आलं! आलं!"
वरून दादा म्हणाले, "मग हात लावत नाही आता,"
आणि तसेच बसून राहिले काडी धरून,
कार्यक्रम संपेपर्यंत.
माय काहीच बोलली नाही. तवा जळत होता.

कुकर आला नाही.
किंवा आलाही असेल,
पोस्टमननं बाकड्याला दोनदा हाक मारली असेल
आणि परत नेला असेल.
माय त्यानंतर महिनाभर
भाजी आणायला स्टेशनवरून जायची.
मंडई उलट्या दिशेला.

"वैजू," मी म्हटलं, "तुमच्याकडे नाही का असं बाकडं?"
"हद्द तासाभरावर आहे. सगळं सपाट. बर्फात
कोण जाईल बसायला?
थांब, थांब, शेवटचा शब्द राहिलाय,
पाच अक्षरं दिसतायत."
फोन तिनं टीव्हीजवळ ठेवला असावा.
चाक थांबलं. कुणीच बोलेना.
मग तिचा आवाज, दुरून, इंग्रजीत काहीतरी,
मला न कळणारं,
आणि त्यानंतर बऱ्याच वेळानं
त्या खेळातल्या बाईनं तेच म्हटलं.
टाळ्या.

"आलं का?" मी विचारलं.
"आलं," ती म्हणाली.
कोंबड्यांना दाणा टाकायचा होता.
मी फोन ठेवला नाही.