सॅडली, स्वल्पविराम

लघुवाद कोर्टाच्या मागच्या फाटकाशी माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली जुन्या तारखांची घडी.
भाषांतर शब्दाला दोन रुपये.
आकडे फुकट. नावंही फुकट.

भागाबाई पावसे आली मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत,
माझगावहून चालत.
पिशवीला सुक्या बोंबलांचा वास,
आत निळसर पाकीट, परदेशी तिकिटाचं.
"मोरूच्या कंपनीचं हाय. मराठीत लिवून द्या,
जावयाला दाखवायचंय."

पहिलाच शब्द: सॅडली.
मग स्वल्पविराम.
मग, चौथ्या दिवशी शोध थांबवण्यात आला.

चाळीस वर्षं ओळखतो मी ह्या शब्दाला.
भाडेकरूला बाहेर काढताना येतो,
विम्याचा दावा फेटाळताना येतो,
मयताच्या घरी आलेल्या साहेबासारखा
उंबऱ्याबाहेरच उभा, बूट न काढता.
स्वल्पविराम हाच त्याचा उंबरा.

मराठीत ह्याला बसवू कुठे?
'दुर्दैवाने' लिहिलं की सगळं दैवावर जातं,
कंपनी सुटते.
'सखेद' लिहिलं की टपालाच्या लाखेचा वास.
'कळविण्यास अत्यंत दुःख होते की',
हे आपण कार्डाचा कोपरा फाडून लिहायचो.
त्यात दुःख निदान होत तरी असे.
कुणाला, ते आपणही कधी लिहिलं नाही.

"काय झालं? पयल्याच शब्दाला अडलात?"
बाई, ह्याचा अर्थ, दुःखानं.
"कुनाच्या?"

शब्दकोश उघडा होता. त्यात अर्थ सहा,
ह्याचं उत्तर नव्हतं.
शब्द शेवटी असता तर सांगितलं असतं:
शोध थांबवणाऱ्याचे हात जड झाले होते.
सुरुवातीला आला की तो लिहिणाराचा.
आणि लिहिणाराची सही
रबरी शिक्क्याची, किंचित तिरकी.

खालच्या परिच्छेदात तो पुन्हा.
आपला मुलगा दुसऱ्या जहाजावर चढला असावा
हा आपला समज सॅडली चुकीचा आहे.
इथे त्याच्यात दुःख औषधालाही नाही.
इथे तो नुसता 'साफ'. साफ चुकीचा.
मी 'साफ' लिहिलं. खोडलं. 'फार' लिहिलं.
पदरचं घालणार नाही, गाळणार नाही,
अशी शपथ घेतली होती कोर्टात नोकरीला लागताना.
'फार' खोडलं. परत 'साफ'.
भागाबाई माझ्या पेनाकडे बघत होती,
काट्याला काय लागतंय ते बघावं तशी.

शेवटी एक जोडपत्र. केबिनमधल्या सोबत्याचा जबाब,
कुणी इनास फुर्तादो, कारवारचा.
त्या संध्याकाळी मोरेश्वरने लोणच्याची
रिकामी बरणी धुतली, सॅडली,
आणि खिडकीत पालथी ठेवली.

ना स्वल्पविराम, ना उंबरा.
क्रियापदाला लगटून बसलेला.
माझं पेन अडलंच नाही:
हिरमुसून.

"काय लिवलंत?"
वाचून दाखवलं.
"हां," ती म्हणाली. "तसाच हिरमुसायचा.
आंबोशीचं होतं. घाईत केलं,
मीठ कमी पडलेलं."
मग बराच वेळ तिने पिशवीचा बंद
बोटाला गुंडाळला, सोडला, गुंडाळला.

पहिल्या शब्दाच्या जागी मी काय लिहिलं?
दुर्दैवाने. सगळे लिहितात तेच.

शब्द भरले दोनशे चौदा.
मोरेश्वर सात वेळा आला होता, तो धरला नाही.
म्हटलं, पहिल्या शब्दाचेही धरत नाही, बाई.
चारशे सव्वीस द्या.

तिने नोटा मोजल्या, सहा सुटे काढले,
मग कनवटीचं आणखी एक नाणं
वेगळं, टेबलाच्या आखूड पायाच्या बाजूला ठेवलं.
"घ्या. त्यांचं दुःख मला फुकट नको."