शेवटचं बटण

उलानबातर. उणे एकतीस.
दाराशी टॅक्सी खोळंबलेली,
चुलींचा धूर रस्त्यावर बसलेला.

ओयूनगेरेलबाईंनी मेंढीच्या कातड्याचा देएल
तिच्या अंगावर चढवला,
चार बटणं लावली, गळ्याशी पाचवं सोडलं.
"शेवटचं तेवढं तुझं," म्हणाल्या
आणि स्वतःच्याच हातांवर बसल्या.
मीही माझे खिशात कोंडले.

सात वर्षांची निनजिन.
डावा हात तिचा पाहुण्यासारखा,
बोलावल्याशिवाय येत नाही.
उजव्यानं गाठ धरली, निसटली.
डाव्यानं दोऱ्याचं कडं चाचपलं,
हनुवटीच आडवी आली.
पुन्हा.
जीभ ओठांबाहेर,
कपाळावर घाम, या थंडीत.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला.
घरी मी हे झटक्यात उरकतो:
बटणं, बूट, नाक पुसणं, दात.
सात वर्षं किती चपळ होतो मी,
तिच्या वाट्याचं सगळं करून मोकळा.

गाठ कड्यातून पार झाली.
आवाजही नाही झाला.

बाई टाळ्या वाजवत नाहीत.
वहीत लिहितात:
मंगळवारी चौथंही सोडायचं.

टॅक्सीत ती माझ्या गळ्याकडे बघते,
तिथलं बटण उघडं.
"थांब," म्हणते,
"हात लावू नकोस."