मोजणी

उन्हाळ्यात मी पहाटेच निघते, बर्फासाठी.
लसींची निळी पेटी मांडीवर.
अजमानच्या मागे, जिथे वाळू रस्त्यावर चढते
आणि एक माणूस ती रोज झाडूने परत ढकलतो.
तीन फाटकं. पेटी तिन्ही ठिकाणी उघडायची.
बर्फ तेवढा वितळतो.

बिल्किस मुकादम, दाभोळची. गुन्हा: एक सही.
दुकान नवऱ्याचं, चेकबुक हिच्या नावाचं,
नवरा बहुतेक बहारीनला.
सफूरा इथेच झाली. सव्वातीन वर्षांची,
वजन साडेदहा.
मी आकडा लिहिते, खाली रेघ मारते,
रेघेचं पुढे काही होत नाही.

सहाला मोजणी.
बायका भिंतीला पाठ लावून. वाहिद, इथनेन, थलाथा...
उम्म खल्फान बोट उचलत नाही, नजरेनेच मोजते.
पोरं रजिस्टरात नाहीत.
म्हणून ताट नाही, गादी नाही,
आईच्या रोटीतली अर्धी रोटी.

सफूरा रोज रांगेत. पोट आत, हनुवटी वर.
रोज नजर तिच्या डोक्यावरून पुढे जाते.
आमच्या अंगणात अशा पोराला कच्चं लिंबू म्हणायचे:
धावायचं सगळ्यांबरोबर,
राज्य येत नाही.

काय आणू, मी विचारलं.
"दूध नको मागूस, सिस्टर. मागितलं की येतं, दोन दिवस.
तिला एकदा मांजर दाखव."
मोबाईल पहिल्या फाटकावर राहतो.
मी म्याव केलं.
पोर पेटीत वाकून बघत राहिली.

गेल्या मंगळवारी मोजणी चुकली.
सव्वीसच्या जागी सत्तावीस.
पुन्हा सत्तावीस.
उम्म खल्फानच्या कपाळावर घाम,
बायकांच्या ओठांत दाबलेलं हसू,
आणि आईशेजारी, पालथ्या बादलीवर,
खांद्याला खांदा लावून, सफूरा.

कुणी ओरडलं नाही.
उम्म खल्फानने सत्तावीस खोडलं,
सव्वीस लिहिलं. पेन खिशात ठेवलं.
मग मागे वळून पहिल्यांदा बोट उचललं,
पोरीच्या नाकावर टेकवलं:
वाहिद.

ताटं सव्वीसच आली.

सुई टोचताना सफूरा रडली नाही, कामात होती.
मला मोजलं: वाहिद.
पेटी: वाहिद.
दाराकडे बोट केलं: वाहिद.

फाटकं तीन आहेत, ग.
मी हे तिला सांगितलं नाही.