खांबाला टिचकी

हार्ट्सलॉची बँक मालगाडीतून आली.
दोन डबे. फळीफळीवर आकडा,
जुळवणीचा कागद मेणकापडात गुंडाळलेला.
ज्यानं तिचा नकाशा काढला
तो दूर समुद्राकाठी, लाकडाच्या वखारीत बसलेला;
सस्कॅचेवानचा हा माळ त्यानं कधी पाहिला नाही,
गावानंही त्याचं नाव विचारलं नाही.

गाव तरी केवढं तेव्हा :
रूळ, पाण्याची टाकी, धान्याचं कोठार,
आणि चिखलात उभी पंधरा-वीस माणसं,
अर्धी युक्रेनियन, बाकीची कुठली कुठली.
त्यांच्यादेखत अकरा दिवसांत
एक ग्रीक देऊळ उभं राहिलं.

देऊळ म्हणजे समोरून.
बाजूनं पाहिलं तर खोकं.
माथ्यावर त्रिकोण, त्याखाली दातेरी पट्टी,
दोन उंच खांब, खांबांवर पन्हळी,
आणि ओल्या रंगावर मूठमूठ वाळू फेकलेली,
लांबून दगड वाटावा म्हणून.
इथे लांबून पाहायला जागा भरपूर.

आत ओकसारखं रंगवलेलं पाईन,
पितळी जाळीची खिडकी,
आणि मागे, या सगळ्या सोंगात एकच खरी,
विटांची तिजोरीखोली.
तिचा पाया वेगळा, आठ फूट खोल,
गोठणाऱ्या मातीच्याही खाली.
भोवतीची बँक दर हिवाळ्यात बोटभर उचलली जाते,
बर्फ वितळलं की परत बसते.
तिजोरी जागची हलत नाही.
दोघींमधली भेग दर वर्षी बुजवायची
हे माझं काम. माझ्याआधी बापाचं.

वरच्या खोलीत कारकून निजायचा,
लॅक्लन मॅकफेल, वय एकोणीस.
पलंग बरोबर तिजोरीच्या डोक्यावर,
उशाला बँकेचं पिस्तूल,
तक्तपोशीला बांगडीएवढं भोक,
चोर आला तर दिसावा म्हणून.
चार हिवाळे लॅक्लननं त्यातून अंधार पाहिला.
एकदा मांजर.

वासिलिना होलोव्हाच आली
अंड्यांचे एकोणसाठ डॉलर रुमालात बांधून.
वाचता येत नव्हतं. पायरी चढण्याआधी
तिनं खांबाला टिचकी मारली,
मडकं घेताना मारतात तशी.
खांब बद्द वाजला.
दुसऱ्याकडे गेली. तोही बद्द.
बाई आली तशी माघारी.

गावात ही गोष्ट अजून सांगतात
आणि इथेच हसून थांबतात.
पुढचं सांगत नाहीत :
बावीस सालच्या फेब्रुवारीत
शेगडीच्या नळकांड्यातून ठिणगी उडाली,
घर गेलं, वाशात खोचलेला रुमाल गेला.
बँक राहिली.
पुढे धुळीची दहा वर्षं आली,
भर दुपारी कंदील लावून लोक सह्या करत होते,
तेव्हाही राहिली.

गेल्या उन्हाळ्यात डावा खांब उघडला मी.
बारा पट्ट्या, पिंपासारख्या जोडलेल्या.
आत काही नाही.
भरीव ओंडका या हवेत दोन वर्षांत उभा चिरतो;
बाहेरून वाळतो, गाभा ओला राहतो,
आणि मग दोघांचं पटत नाही.
हा तळाच्या भोकांतून श्वास घेत उभा होता.
कोणा शहाण्यानं ती भोकं सिमेंटनं लिंपली,
उंदीर शिरतात म्हणून.
कूज तिथूनच चढली.

एका पट्टीच्या आतल्या अंगावर पेन्सिल :
‘११४. हे टोक वर.’
शेजारी सरसात उमटलेला अंगठा.
ती पट्टी तळाशी गेलेली होती, बदलावी लागली.
नवीवर मीही आतून आकडा लिहिला, टोक लिहिलं.
अंगठा मात्र उमटवला नाही;
उगाच नाटक वाटलं असतं.

आता तिथे गावाचं वाचनालय आहे,
सोमवारी आणि गुरुवारी.
किल्ली वासिलिनाच्या पणतीकडे, ओरिसियाकडे.
दार उघडण्याआधी ती खांबाला टिचकी मारते,
कान लावते.
शिडीवरून मी विचारतो, काय म्हणतोय?

बद्द, ती म्हणते,
आणि कुलूप काढते.